माँटेसरी चार्टर शाळा: रेवाची दोन वर्षं आणि आमचं मत

पहिले पाच आठवडे माझ्या मुलीनं, रेवानं, शाळेत टेबल धुतलं. बाकी जवळजवळ काहीच नाही. दुपारी गाडीत बसली की मी विचारायचे, "आज काय केलंस गं?" आणि ती समाधानानं सांगायची, "टेबल धुतलं." समोरच्या घरातला तिच्याच वयाचा मुलगा तोवर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या नेहमीच्या सरकारी, शाळेत वीस-पंचवीस शब्द वाचायला लागला होता. एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आपलं चुकलं बहुतेक. अजून वेळ गेलेली नाही, काढू या तिला.

काढलं नाही. आता मे महिना चालू आहे, दुसरं वर्ष संपतंय, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "तुमची मुलगी त्या माँटेसरी चार्टरला आहे ना? कशी आहे शाळा? आमच्याला घालावं का?" दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून सविस्तर लिहिते आहे. आम्ही फिनिक्सच्या आग्नेयेला, चँडलरजवळ राहतो. शाळेचं नाव देत नाही, कारण काही तक्रारी लिहिणार आहे आणि ती माणसं मनापासून राबताना मी पाहिली आहेत. शिवाय यातलं बरंचसं अशा कुठल्याही शाळेला लागू पडेल.

आधी 'चार्टर'बद्दल, कारण भारतातून नव्यानं आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. चार्टर म्हणजे सनद. अमेरिकेत पहिला चार्टर कायदा मिनेसोटानं 1991 मध्ये केला, अॅरिझोनानं 1994 मध्ये. पैसा सरकारचा, पण कारभार स्वतंत्र संस्थेचा आणि तिच्या बोर्डाचा. आमच्या राज्यात पहिली सनद 15 वर्षांची मिळते, पुढे नूतनीकरण करावं लागतं. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून सोडत. भावंडं आधीपासून शाळेत असतील तर त्यांना प्राधान्य. म्हणजे ही सरकारी शाळाच आहे, खाजगी नव्हे. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुलं बेसिस नावाच्या, कडक अभ्यासाच्या शाळांत जातात, त्याही चार्टरच. 'चार्टर' या शब्दावरून शाळा कडक की मोकळी हे काहीच कळत नाही.

आणि 'माँटेसरी' या शब्दावरूनही फारसं कळत नाही, हे मला उशिरा समजलं. अमेरिकेत हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. 1967 मध्येच तसा निर्णय झाला, तेव्हापासून कुणीही दारावर ही पाटी लावू शकतं. त्यामुळे पाटी बघून भागत नाही, वर्गात जाऊन बसावं लागतं.

आम्ही तीन ठिकाणी गेलो. एका खाजगी माँटेसरीत महिन्याला 1,400 डॉलर सांगितले. शाळा सुंदर होती, पण आम्हाला परवडणारी नव्हती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट करते, नवरा चिपच्या कंपनीत. घराचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे, धाकट्याचं डे-केअर हे सगळं धरून ते बसत नव्हतं. अॅरिझोनात 2022 पासून कुणालाही ईएसएचे, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी राज्य सरकार पालकांना देतं ते, पैसे घेऊन मूल खाजगी शाळेत घालता येतं. साधारण सात-साडेसात हजार डॉलर वर्षाला मिळतात. पण त्यासाठी करारावर सही करावी लागते आणि सरकारी शाळेची तुमच्या मुलाबद्दलची जबाबदारी तिथे संपते. शिवाय वरचे पैसे घालायचेच. तो विचार आम्ही सोडला.

दुसरी शाळा डिस्ट्रिक्टची, घरापासून पाच मिनिटांवर, बस दारात, जेवण शाळेत. चांगलीच शाळा आहे, हे आधीच सांगते. आणि तिसरी ही.

ही शाळा एका जुन्या ऑफिसांच्या इमारतीत आहे. शेजारी दातांचा दवाखाना आणि टायरचं दुकान. पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा नवरा म्हणाला, "ही शाळा आहे?" चार्टर शाळांना डिस्ट्रिक्टसारखे घरपट्टीच्या जोरावर बाँड (कर्जरोखे) काढता येत नाहीत, त्यामुळे बऱ्याचशा अशाच भाड्याच्या जागेत भरतात. मैदान म्हणजे डांबर आणि थोडं कृत्रिम गवत, वर शेड. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते तेव्हा बाहेर बऱ्याचदा 110 फॅरनहाइटच्या आसपास तापमान असतं, मुलं आतच राहतात.

पण आत गेल्यावर मी खरोखर थांबले. चोवीस मुलं आणि तरीही कुणी ओरडत नव्हतं. गप्प बसवलेली शांतता ती नव्हे, कुजबुज चालू होती, चमचे वाजत होते, खुर्च्या सरकत होत्या. मला दाराशी एक बुटकं स्टूल दिलं आणि सांगितलं की बोलायचं नाही, मुलं बोलली तर हळू उत्तर द्यायचं. एक मुलगा गुलाबी मनोरा रचत होता. दहा ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा, सगळ्यात छोटा एकाचा. त्यानं एक ठोकळा चुकीच्या जागी ठेवला. मी मनात म्हटलं, आता बाई सांगतील. बाईंनी पाहिलं आणि त्या तशाच दुसऱ्या मुलीशी बोलत राहिल्या. मुलानं शेवटपर्यंत रचलं, मागे सरकून बघितलं, मान वाकडी केली, सगळं उतरवलं आणि पुन्हा सुरू केलं. त्या पाच-सात मिनिटांत आमचा निर्णय अर्धा झाला होता.

अर्जाच्या कागदांत घरच्या भाषेबद्दल तीन प्रश्न असतात. घरात मुख्यतः कुठली भाषा बोलतात, मूल जास्त वेळ कुठली बोलतं, सगळ्यात आधी कुठली शिकलं. हे प्रश्न राज्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेत असतात. एका ठिकाणी जरी इंग्रजीखेरीज काही लिहिलं, तर मुलाची अझेला नावाची इंग्रजीची चाचणी होते. ओळखीतल्या तिघींनी सांगितलं, "सरळ इंग्लिश लिही, कशाला भानगड." मला ते जमलं नाही. रेवा रात्री झोपेत बडबडते तीसुद्धा मराठीत. तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. चाचणी झाली, शाळेतल्या बाईंनी तिला शेजारी बसवून गप्पा मारल्यासारखी घेतली, ती पास झाली, विषय संपला. पास झाली नसती तर इंग्रजीसाठी मदत मिळाली असती. ती मिळावी म्हणूनच तर प्रश्न असतात. कृपा करून खोटं लिहू नका.

आता पैशांचा भाग, कारण 'फ्री स्कूल' ऐकून लोक येतात. माँटेसरीचा पहिला वर्ग तीन ते सहा वर्षांचा एकत्र असतो. तीन वर्षांचं मूल येतं, मोठ्यांचं बघतं, तिसऱ्या वर्षी स्वतः मोठं होऊन लहानांना दाखवतं. हे तीन वर्षांचं चक्र म्हणजे या पद्धतीचा कणा आहे. पण राज्य सरकार पैसे देतं ते किंडरगार्टनपासून, म्हणजे पाच पूर्ण झाल्यावर, आणि तेही अर्ध्या दिवसाचे. आमच्या शाळेत तीन आणि चार वर्षांच्या मुलांना फी आहे आणि किंडरगार्टनच्या पूर्ण दिवसासाठी आम्ही महिन्याला 275 डॉलर भरले. परिणाम असा, की पाचव्या वर्षी फुकट म्हणून आलेली रेवासारखी मुलं त्या चक्राच्या शेवटच्या वर्षी आत शिरतात. ज्या मुलीनं लहानांना शिकवायचं, तिला स्वतःलाच पाण्याचा जग कसा धरायचा ते माहीत नसतं.

2025 मध्ये अमेरिकेतल्या 24 सरकारी माँटेसरी शाळांमधल्या सोडतीवर आधारलेला 588 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोडतीत नंबर लागलेली मुलं किंडरगार्टनच्या अखेरीला वाचन, स्मरणशक्ती आणि स्वतःवर ताबा ठेवण्यात पुढे दिसली. हा अभ्यास हल्ली सगळे एकमेकांना पाठवतात. पण त्यातली मुलं तीन वर्षांची असताना आत आली होती. पाचव्या वर्षी घालून त्याच निकालाची अपेक्षा धरणं बरोबर नाही. शाळेनं हे आम्हाला प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ही माझी पहिली तक्रार.

तर, टेबल.

ऑक्टोबरमध्ये, टेबल अजून चालूच असताना, माझी आई आली, सहा महिन्यांसाठी. आईबद्दल थोडं सांगावं लागेल. ती डहाणू तालुक्यातली. तरुणपणी तिनं कोसबाडला बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं. ताराबाई मोडक तेव्हा जाऊन काही वर्षं झाली होती, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ होत्या. पुढे आईनं सव्वीस वर्षं वारली पाड्यांवर बालवाडी चालवली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरीचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, मग बोर्डी आणि 1957 पासून कोसबाड. अंगणवाडी हा आज देशभर सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द त्यांच्याच कामातून आला. हे मला शाळेत असताना पाठ्यपुस्तकातलं वाटायचं. आई मात्र हे सगळं घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलते.

मी तिच्याजवळ रडगाणं गायले. आई म्हणाली, "मला एकदा वर्गात नेशील का?"

शाळेनं लगेच परवानगी दिली, यासाठी त्यांना पूर्ण मार्क. आम्ही दोघी त्याच बुटक्या स्टुलांवर बसलो. आईचे गुडघे दुखतात, तरी बसली. रेवानं आम्हाला पाहिलं, हसली आणि कामाला लागली. आधी एप्रन. मागची नाडी तिला येत नव्हती, एका मोठ्या मुलीनं बांधून दिली. मग खाली चटई अंथरली. जग घेऊन नळावर गेली, जगावर एक लाल रेघ होती, तिथपर्यंतच पाणी. दोन्ही हातांनी धरून, जिभेचं टोक ओठांवर, आली. टबात ओतलं. ब्रश बुडवला, साबणाच्या वडीवर दोनदा फिरवला, आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे गोल गोल घासायला सुरुवात केली. एक ओळ झाली की खालची ओळ. फेस सगळीकडे झाल्यावर स्पंजनं पुसलं, त्याच क्रमानं. मग टॉवेल. मग घाण पाणी बादलीत, थोडं खाली सांडलं, तिनं स्वतःच फडकं आणून टिपलं. फडकं दोरीवर चिमट्यानं अडकवलं. सगळं आवरून झालं, आणि टेबलाकडे बघून तिनं पुन्हा जग उचलला.

मी आईकडे वळले. मला वाटलं तीही म्हणेल, हे काय. ती हळूच म्हणाली, "तिच्या मनगटाकडे बघ."

मग मला दिसलं. डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, गोल गोल. पोरगी लिहायला शिकत होती.

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटलं?" आई म्हणाली, सुरुवात आणि शेवट माहीत असलेलं एक काम मूल पुरतं करतंय, तर त्याला त्यातून ओढून काढू नका. सामान चांगलं आहे, बाईंना कळतंय. आणि मग म्हणाली, "पण त्या वर्गात एक पान नाही गं. एक शिंपला नाही." पाड्यावर त्यांच्याकडे मोजायला चिंचोके असायचे, शिंपले, बांबूच्या कांड्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाईंनी कुरणातच शाळा नेली होती. इथे सोनेरी मण्यांचा संच काचेसारखा लखलखीत, पण खिडकीबाहेर डांबर. आईचं हे म्हणणं मला पटलं आणि ते या शाळेचं खरं उणं आहे. पुढच्या आठवड्यात आईनं आमच्या अंगणातल्या मेस्किटच्या झाडाच्या वाळक्या शेंगा गोळा करून एक टोपली वर्गात नेऊन दिली. बाईंनी ती शेल्फवर ठेवली. अजून आहे.

दिवाळीच्या सुमारास टेबल आपोआप सुटलं आणि पॉलिश पेपरची अक्षरं सुरू झाली. लाकडी पाटीवर खरखरीत कागदाचं अक्षर, त्यावरून दोन बोटं फिरवायची आणि उच्चार करायचा. अक्षराचं नाव नाही, आवाज. 'बी' नाही, 'ब'. इथल्या मुलांना हे वेगळं शिकावं लागतं, कारण घरी एबीसीडी म्हणून झालेली असते. आपल्याकडे अक्षर म्हणजेच उच्चार, क म्हणजे क. रेवाला हे एका दुपारी समजलं. आईनं तेवढ्यात हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, अ पासून सगळी अक्षरं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली. दोन्ही लिप्या एकदमच बोटांत गेल्या. रविवारच्या मराठी शाळेतल्या ताईंनी ते पुठ्ठे बघितले आणि आता तिथेही तसे केले आहेत.

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं छानच आहे. जानेवारीत आमच्या बाई सोडून गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आला. सोमवारपासून बदली शिक्षक. कारण काही सांगितलं नाही, पण कानावर आलं की दुसरीकडे पगार चांगला मिळाला, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? माँटेसरीचं प्रशिक्षण घेतलेली माणसं कमी, चार्टरचा पगार बेताचा. बदलीवर आलेला माणूस प्रेमळ होता, पण त्याला त्या शेल्फवरचं काय करायचं तेच माहीत नव्हतं. त्यानं वर्कशीट वाटायला सुरुवात केली. सात आठवडे. रेवा घरी येऊन काही सांगेनाशी झाली. मी विचारलं तर म्हणायची, "कागद केले." मुख्याध्यापिकांना आम्ही तीनदा भेटलो. दर वेळी एकच उत्तर, शोध चालू आहे. ज्या शाळेचं सगळं वर्गातल्या एका जाणत्या माणसावर उभं आहे, तिनं असं माणूस गेल्यावर निदान दुसऱ्या वर्गातल्या अनुभवी बाईंना अर्धा वेळ तरी इकडे द्यायला हवं होतं. मी हे लेखी दिलं. मार्चच्या मध्यावर नवीन बाई आल्या, एएमएसचं (अमेरिकन माँटेसरी सोसायटीचं) प्रशिक्षण असलेल्या, आणि दोन आठवड्यांत वर्ग पुन्हा पूर्वीसारखा झाला. पण ते सात आठवडे परत मिळत नाहीत.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा हे जरूर विचारा: या वर्गाच्या बाई किती वर्षं इथे आहेत, त्यांचं प्रशिक्षण कुठल्या वयोगटाचं आहे, ते पूर्ण झालंय की चालू आहे? एएमआय (मारिया माँटेसरींनी स्वतः काढलेली संस्था) की एएमएस यावरून लोक वाद घालतात. माझ्या मते बाई तीन वर्षं टिकल्या आहेत का, हे त्याहून महत्त्वाचं. शाळेच्या बोर्डाच्या सभा खुल्या असतात, एकदा जाऊन बसा. पैसे कुठे जातात आणि किती शिक्षक नवे घ्यावे लागताहेत, हे तिथे एका तासात कळतं. आणि सकाळच्या कामाचा वेळ सलग किती आहे ते विचारा. सलग तीन तास हवेत. पाऊण तासानं घंटा होत असेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ती माँटेसरी नव्हे.

दुसऱ्या वर्षी रेवा सहा ते नऊच्या वर्गात गेली. सुरुवात झाली ती विश्वाच्या उत्पत्तीच्या गोष्टीनं. खोलीत अंधार करून बाईंनी ती सांगितली आणि पोरगी दोन दिवस तेच बोलत होती. या वयाच्या मुलांना आधी सगळं विश्व द्यायचं आणि मग त्यातले तुकडे, हा विचार मारिया माँटेसरींनी भारतातल्या मुक्कामात रुजवला. 1939 मध्ये त्या अड्यारला आल्या, दुसऱ्या महायुद्धामुळे तिथेच अडकल्या, कोडाईकनालला राहिल्या. हे मी रेवाच्या बाईंना सांगितलं तर त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी माझ्या आईला फोनवर वर्गाशी बोलायची विनंती केली. आई अर्धा तास बोलली, मी भाषांतर करत होते. वारली घरांच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं कशी काढतात ते तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात चार मुलं पीठ मागत होती.

गणिताबद्दल सगळे विचारतात, तर सांगते. आपल्या लोकांना पाढे हवे असतात, मलाही हवे होते. इथे पाढे मण्यांच्या साखळीतून येतात. प्रत्येक आकड्याचा रंग ठरलेला, साताचे मणी पांढरे. सात-सात मण्यांच्या सात कांड्यांची साखळी जमिनीवर पसरायची, 7, 14, 21 अशी बाणाची चिठ्ठी लावत 49 पर्यंत जायचं. मग ती साखळी घडी करायची, तर चौकोन होतो. रेवानं घरी येऊन मला विचारलं, "आई, साती साते एकोणपन्नास चौकोनी असतं, तुला माहीत होतं?" मला पाढा येत होता, चौकोन माहीत नव्हता. संध्याकाळी देवापाशी दिवा लावल्यावर आम्ही पाढे म्हणतोच, बे एके बे पासून. दोन्ही एकमेकांना पूरक आहे. फक्त शाळेवर सोडलं असतं तर वेग कमी पडला असता, हेही खरं.

वाचनात मात्र सनदेची दुसरी बाजू दिसली. चार्टर असल्यामुळे राज्याचे नियम या शाळेलाही लागू. तिसरीच्या अखेरीला वाचनात फार मागे असलेल्या मुलाला, काही अपवाद सोडले तर, चौथीत घालता येत नाही, म्हणून किंडरगार्टनपासूनच वाचनाच्या चाचण्या सुरू होतात. आमच्याकडे वर्षातून तीनदा. पहिलीच्या सुरुवातीला रेवा अपेक्षेपेक्षा मागे निघाली, घरी पत्र आलं. मी ते पत्र घेऊन पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसून राहिले. मग तिला रोज वीस मिनिटं छोट्या गटात काढून उच्चारांचा सराव दिला. काही पालकांनी तक्रार केली, की हे माँटेसरीत बसत नाही, सकाळच्या कामात खंड पडतो. खंड पडतोच. पण मला त्या सरावाचा उपयोग स्पष्ट दिसला. मार्चच्या चाचणीत ती बरोबरीला आली, आणि आता रात्री धाकट्याला वाचून दाखवते. पद्धत शुद्ध राहावी यापेक्षा पोरीला वाचता यावं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ज्यांना काटेकोर माँटेसरीच हवी आहे त्यांना चार्टरमध्ये ती मिळणार नाही, हे ओळखून या.

डब्याचंही लिहिते, कारण आपल्याकडे त्यावरून घरं हलतात. शाळेत स्वयंपाकघर नाही, गरम करायची सोय नाही. मुलं स्वतःचं कापड पसरतात, काचेच्या पेल्यातून पाणी पितात, जेवण झाल्यावर डबा धुऊन ठेवतात. रेवा घरीही आता ताट उचलते. पण वर्गात शेंगदाणे बंद. एका मुलाला जिवावर बेतणारी अॅलर्जी आहे, त्यामुळे नियम योग्यच, पण आपल्या स्वयंपाकात कूट किती ठिकाणी असतं ते तेव्हा कळलं. खिचडी, कोशिंबीर, वांगं, सगळं बंद. भाजीत तीळ किंवा सुकं खोबरं घालते आता. तूप-गुळाची पोळी मात्र सगळ्या वर्गाला आवडते. बस नाही. सकाळी पस्तीस मिनिटं, दुपारी पस्तीस मिनिटं. शेजारच्या तेलुगू कुटुंबाबरोबर वार वाटून घेतले म्हणून जमलं. दोघं नोकरी करत असाल आणि असं कुणी नसेल तर आधी याचा विचार करा, बाकी सगळं नंतर.

एका मैत्रिणीचा मुलगाही इथेच होता. चळवळ्या, एका कामावर तीन मिनिटं न टिकणारा, बोलायला उशिरा लागलेला. कायद्यानं चार्टर शाळेलाही त्याची आयईपी, म्हणजे त्याला लागणाऱ्या खास मदतीचा लेखी आराखडा, करावी लागते, आणि त्यांनी केली. पण वाचाउपचार आठवड्यातून एकदा, तोही स्क्रीनवर. त्याला कुणीतरी सतत जवळ हवं होतं. चोवीस मुलांत निवडीचं स्वातंत्र्य त्याला ओझं व्हायचं, तो नुसता फिरत राहायचा. वर्षभरानं त्यांनी त्याला डिस्ट्रिक्टच्या शाळेत हलवलं. तिथे वाचाउपचाराच्या बाई रोज इमारतीत असतात. सहा महिन्यांत तो मुलगा बदलला. परवा त्यानं दारातच मला पूर्ण वाक्यात सांगितलं, की त्याचा दात पडलाय. मैत्रीण त्यावर रडली आणि मीही. तिला कुणी विचारलं तर ती ही शाळा घेऊ नका म्हणेल, आणि ती तिच्या जागी बरोबर आहे.

रेवासारखं मूल असेल, सावकाश, एकच गोष्ट पन्नास वेळा करणारं, कुणी घाई केली की मिटून जाणारं, तर मी ही शाळा घ्या म्हणेन, बाई टिकणाऱ्या असतील या एका अटीवर. जमत असेल तर तिसऱ्या वर्षापासूनच. धाकटा सप्टेंबरात तीनचा होतोय. त्याची फी आम्ही हिशेबात बसवली आहे, त्यासाठी या वर्षी गावी जाणं पुढे ढकललं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मीच येते. पुढच्या महिन्यात तिचं तिकीट काढायचं आहे, आणि तिनं यादीत सगळ्यात वर चिंचोके लिहिलेत.